मुस्लिम मुलगी स्टँड-अप कॉमेडीत टिकू शकते का? आधी कोणी टिकलंय का?

टिकलंय की. ब्रिटनमधली कॉमेडियन शाझिया मिर्झा गेली जवळपास २५ वर्षं टिकून आहे.

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण पुण्यात ओपन माइक (म्हणजे कोणीही येऊन पाच-दहा मिनिटं करून बघावं असा कार्यक्रम) करते, घरी कोणाला पत्ता नाही, आणि तिचा पहिलाच जोक स्वतःच्या आडनावावर असतो. हे आडनावाचं वाचलं आणि म्हटलं, उत्तर लिहायलाच हवं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली कोकणी मुसलमान. हायस्कुलात विज्ञान शिकवते. जन्म इथला, शाळा मराठी, डीएड-बीएड मराठीत, तरी वर्षातून चार-पाचदा कोणीतरी कौतुकाने म्हणतंच, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी "तुमचंही" म्हणते. अर्ध्यांना कळतं.

शाझिया बर्मिंगहॅमची, आईवडील पाकिस्तानातून आलेले. मँचेस्टरला बायोकेमिस्ट्री शिकली आणि पूर्व लंडनमध्ये टॉवर हॅम्लेट्स भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. पुढे रॅपर म्हणून गाजलेला डिझी रास्कल तिचा विद्यार्थी. लोक तिच्या धाडसाचं फार कौतुक करतात, पण शनिवारी शेवटच्या तासाला नववी 'क' ज्याने सांभाळलीय त्याला दारू प्यायलेल्या प्रेक्षकांची काय भीती, असं मला आपलं वाटतं.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत अपहरण केलेली विमानं इमारतींवर आदळवली गेली तेव्हा तिची कॉमेडीत नुकती कुठे सुरुवात होती. डोक्यावर हिजाब बांधून ती स्टेजवर यायची. त्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांनी ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझं नाव शाझिया मिर्झा. निदान माझ्या पायलटच्या लायसन्सवर तरी असंच लिहिलंय."

हे मराठीत सांगून बघा, जोक थोडा पडतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'लायसन्स' मध्येच फुटतं आणि 'लिहिलंय' उगाच मागे उरतं. इंग्रजीत ते लायसन्स अगदी शेवटी येतं. म्हणून मी सांगताना वाक्य उलटं करते: "असं लिहिलंय निदान, माझ्या पायलटच्या लायसन्सवर." खरी करामत त्या 'निदान'मध्ये आहे. हिजाबवालीला बघून समोरच्यांच्या मनात जे आलेलं असतं पण कोणी बोलत नाही, ते ती स्वतःच टेबलावर ठेवून मोकळी होते. तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

त्या एका ओळीने ती जगभर पोचली, आणि त्याच ओळीने तिला अडकवलंही. वर्तमानपत्रांना 'मुस्लिम कॉमेडियन बाई' मिळाली. कुठे काही झालं की हिला विचारा. दुसरीकडे काही मुस्लिमांना ती चालेना. हजच्या गर्दीत आपल्याला कोणीतरी चिमटा काढला हे तिने स्टेजवर सांगितलं तेव्हा तर नाहीच. धमक्याही आल्या. पुढे तिने स्टेजवर हिजाब घालणं सोडलं, तर त्याचीही चर्चा झाली.

माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम नंतरचं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या शाळेतल्या तीन मुली, पंधरा-सोळा वर्षांच्या, घरातून निघून आयसिसकडे सीरियाला गेल्या. ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे घरच्यांनी सांगितलं की त्यातली एक कार्दशियन बहिणींचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या श्रीमंत, झगमगीत बहिणींचा, टीव्ही शो बघायची. म्हणजे चारचौघींसारखीच. शाझियाने त्यावरून अख्खा शो केला आणि नाव ठेवलं 'द कार्दशियन्स मेड मी डू इट'. सगळे धर्म-धर्म करत असताना ही म्हणत होती, अहो, त्या पोरी आहेत, त्यांना ते बंदूकवाले पुरुष देखणे वाटले असतील! हे ऐकायला बरं वाटत नाही. पण बेथनल ग्रीन टॉवर हॅम्लेट्समध्येच येतं. त्या वयाच्या, त्याच भागातल्या मुलींना तिने फळ्यासमोर उभं राहून शिकवलंय. वर्गातल्या मुली मागच्या बाकावर काय कुजबुजतात ते शिक्षिकेला माहीत असतं. समितीला नसतं.

नंतरच्या एका शोचं नाव 'कोकोनट'. तिकडे ही शिवी आहे: वरून तपकिरी, आतून गोरा. आमच्या कोकणात कोणाला नारळ म्हटलं तर तो घरी घेऊन जाईल.

मुंबईत तर आता वाट बरीच मळलेली आहे. सुमैरा शेख डोंगरीची. तिचा 'डोंगरी डेंजर' २०१९ मध्ये प्राइमवर आला. उरूज अशफाकला २०२३ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळाला, 'ओह नो!' या शोसाठी. त्यात ती आपली लहानपणीची डायरी वाचून दाखवते. बारा वर्षांच्या मुलीची डायरी कुठल्याही धर्मात तितकीच लाजिरवाणी असते.

म्हणून बहिणीला सांगा, आडनावाचा जोक टाकू नकोस, फक्त पाचव्या मिनिटावर ने. पहिली चार मिनिटं हॉस्टेल, मेस, रिक्षावाले, जे काही तिचं स्वतःचं असेल ते. तोवर लोकांना ती कळलेली असेल, मग आडनाव आलं की वेगळं हसू येईल. पहिल्याच वाक्यात आलं तर लोक आडनावालाच हसतात.

घरच्यांचं मात्र मला सांगता येणार नाही. मी अम्मीला शाझियाची एक क्लिप दाखवली होती, अर्थ सांगत सांगत. तिने शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "सगळ्यांना हसवलंन, पण स्वतः एकदाही हसली नाही. मास्तरीणच असणार."