आधी उडी, मग दुकान : एकट्याने गेम करणाऱ्यांच्या शंका

या वेळी एकट्याने किंवा दोघा-तिघांत मिळून व्हिडिओ गेम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : नोकरी सांभाळून तीन वर्षं एक मोठा रोल-प्लेइंग गेम करतोय. नकाशा, लढाई, संवाद, सगळं थोडंथोडं झालंय, पुरं काहीच नाही. नोकरी सोडून वर्षभर त्यावरच बसलो तर होईल का?

उरलेलं काम किती, हा आकडा तुमच्या पत्रात नाही. आधी तो काढा. गेममधली कुठलीही दहा मिनिटं निवडा आणि तेवढीच शेवटाला न्या. चित्रं पक्की, आवाज पक्के, मेनू, सेव्ह, कंट्रोलर, सगळं. 'नंतर बघू' असं एकही काम ठेवायचं नाही. त्याला किती तास लागले ते लिहून ठेवा.

समजा ६० तास लागले आणि गेम सहा तासांचा ठरवलाय. सहा तासांत दहा-दहा मिनिटांचे ३६ तुकडे, म्हणजे २,१६० तास. चुका काढणं, ऑनलाइन दुकानातलं गेमचं पान, ट्रेलर, चाचण्या यांसाठी वर निम्मे धरा : ३,२४०. आठवड्याला ४० तास दिले तरी ८१ आठवडे होतात. म्हणजे राजीनामा दिलात तरी एका वर्षात हा गेम होत नाही. आता तोच गेम दोन तासांचा करा. १२ तुकडे, ७२० तास, वर निम्मे धरून १,०८०. नोकरी सांभाळून आठवड्याला १५ तास दिलेत तर ७२ आठवडे. निर्णय या दोन आकड्यांत आहे, हिमतीत नाही.

कापायचं काय? लांबी तर कमी कराच, पण नुसती चित्रं किंवा लेव्हल कापून भागत नाही. जी यंत्रणा बाकी प्रत्येक गोष्टीशी गुणली जाते ती कापा. फांद्या फुटणारे संवाद, वस्तू जोडून नव्या वस्तू करणं, दिवस-रात्र, हवामान. यातली एक जरी काढली तरी तपासायच्या शक्यता निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात.

स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण तीन पत्रांत आहे. एरिक बॅरोनने तो एकट्याने साडेचार वर्षांत केला आणि २०१६ मध्ये आणला, हे खरंच. पण त्या काळात घर जोडीदाराच्या कमाईवर आणि थिएटरातल्या त्याच्या अर्धवेळ कामावर चालत होतं, हा भाग कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा बाबा इज यू बघा. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये (थोड्या तासांत गेम करायचा मेळावा) छोट्या रूपात झाला, कल्पना चालते हे तिथेच कळलं, आणि २०१९ मध्ये पूर्ण गेम आला.

प्रश्न : माझ्या प्लॅटफॉर्मरमध्ये (उड्या मारत पुढे जायचा गेम) उडी मारली की पात्र तरंगतं. शिवाय खेळणारे म्हणतात, 'बटण दाबलं होतं, उडालंच नाही.' महिनाभर गुरुत्वाकर्षणाचा आकडा वरखाली करतोय. मित्राच्या मॉनिटरवर तर पात्र भलतंच वेगाने पळतं.

ही तीन वेगळी दुखणी आहेत, म्हणूनच एका आकड्याने बरी होत नाहीत.

तरंगणं आधी. गुरुत्वाकर्षण आणि उडीचा वेग अंदाजाने हलवू नका. उडी किती उंच हवी आणि शिखराला पोचायला किती वेळ हवा, एवढं ठरवा. गुरुत्वाकर्षण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ. १६ पिक्सेलच्या तीन चौकटी उंच जायचं, म्हणजे ४८ पिक्सेल, आणि वेळ ०.४ सेकंद, तर गुरुत्वाकर्षण ६०० आणि वेग २४० येतो. शिखर ओलांडलं की गुरुत्वाकर्षण दीडपट करा, म्हणजे ९००. तरंगणं बरंचसं इथेच जातं. बटण लवकर सोडल्यावर छोटी उडी हवी असेल तर वर जाण्याचा वेग निम्मा करा, पण एकदाच. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवं चित्र उमटेल त्या प्रत्येक वेळी, निम्मा केलात तर पात्र हवेत अदृश्य छताला आपटल्यासारखं थबकतं.

'उडालंच नाही' ही तक्रार खरी असते. खेळणारा कड्याच्या टोकाशी जाऊन बटण दाबतो. त्याला पाय जमिनीवर दिसतो, कोडच्या हिशेबाने मात्र पात्र दोन फ्रेम आधीच सुटलेलं असतं. म्हणून जमीन सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने सहा फ्रेम, उडी मान्य करा. याला कायोटी टाइम म्हणतात. सेलेस्ट या प्लॅटफॉर्मरच्या पात्राचा कोड त्याच्या कर्त्यांनी खुला केला आहे, त्यातही हा आकडा ०.१ च आहे. उलट बाजूही सांभाळा. जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात दाबलेलं बटण लक्षात ठेवा आणि टेकताक्षणी उडी द्या. उडी लागली की ०.१ सेकंदाचे हे दोन्ही टायमर शून्यावर आणायचे. हे विसरलं तर हवेत फुकटची दुसरी उडी मिळते. शांतपणे खेळणाऱ्याला ती कधी दिसत नाही, बटण बडवणाऱ्याला मात्र पहिल्या मिनिटात सापडते. आणि छताच्या कोपऱ्याला डोकं तीन-चार पिक्सेलने अडत असेल तर उडी थांबवू नका, पात्रच तेवढं बाजूला सरकवा.

मित्राचा मॉनिटर बहुधा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा असणार. तुमचा कोड दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवतोय. ६० ऐवजी १४४ फ्रेम, म्हणजे वेग २.४ पट. फ्रेम मोजू नका, सेकंद मोजा. हालचालीचं गणित १/६० सेकंदाच्या ठरावीक पायरीने चालवा आणि चित्र काढणं त्यापासून वेगळं ठेवा.

प्रश्न : कुठलं इंजिन (गेम बांधायचं सॉफ्टवेअर) घ्यावं?

जे येतं ते. खेळणारा इंजिन विचारत नाही. अंडरटेल गेममेकरमध्ये झाला, बलाट्रो लव्ह नावाच्या, लुआ भाषेतल्या साध्या फ्रेमवर्कमध्ये. नव्याने शिकणार असाल तर गोडो हलकं आहे, एमआयटी या खुल्या परवान्याखाली फुकट आहे आणि घेतलेल्या आवृत्तीच्या अटी उद्या कुणी बदलू शकत नाही. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. त्यामुळे परवान्याची अट वाचल्याशिवाय तीन वर्षांचं काम कशावरही उभं करू नका. अनरियल दहा लाख डॉलरच्या पुढच्या उत्पन्नावर ५ टक्के घेतं. तिथे पोचलात तर ते ५ टक्के खुशाल द्या.

प्रश्न : मित्रांना गेम खेळायला दिला, सगळे 'मस्त आहे' म्हणाले. डेमो ठेवल्यावर मात्र लोक पाच मिनिटांत सोडून जातात.

मित्र तुम्हाला उत्तर देत होते, गेमला नाही. ज्यांनी गेम कधी पाहिलेला नाही अशी पाच माणसं गाठा आणि एकेकाला वेगळं बसवा. 'तुम्ही खेळा, मी काही बोलणार नाही' एवढंच सांगायचं. स्क्रीन आणि हात दोन्ही रेकॉर्ड करा. अडकला तरी तोंड उघडायचं नाही. हे फार जड जातं, तिसऱ्या मिनिटाला जीभ सुटतेच. पण ती सुटली की चाचणी संपली, कारण घरी खेळणाऱ्याच्या शेजारी तुम्ही नसणार.

रेकॉर्डिंग बघताना तीनच गोष्टी टिपा : कुठे थांबला, कुठे चुकीचं बटण दाबलं, कुठे मजकूर न वाचता पुढे गेला. मतं शेवटी विचारा आणि ऐकताना सावध राहा. 'शत्रू फार ताकदवान आहे' असं कुणी म्हटलं तर बऱ्याचदा शत्रूचा वार येतोय हे दिसलेलंच नसतं. दुखतं कुठे हे खेळणारा बरोबर सांगतो, औषध मात्र बहुतेकदा चुकीचं सुचवतो. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडले तर ती जागा बदला, आणि पुढच्या वेळी नवी पाच माणसं आणा.

पाच मिनिटांत सोडण्याचं कारण बहुतेक वेळा सुरुवातीचा मजकूर असतो. पहिलं खरं खेळणं तीस सेकंदांच्या आत हातात द्या.

प्रश्न : स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, पान कधी उघडावं? गेम तयार झाल्यावरच ना?

नाही. बघितल्यावर गेम काय आहे ते कळेल अशी पाच-सहा चित्रं आणि मिनिटभराचा ट्रेलर जमला की लगेच उघडा. पानाचं काम विकणं नाही, विशलिस्ट, म्हणजे 'हा गेम हवाय' अशा नोंदी, गोळा करणं. गेम आला की त्या सगळ्यांना ईमेल जातो, आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत दिलीत की पुन्हा जातो.

क्रम असा. प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरायचे. गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम आणता येत नाही, आणि 'लवकरच' असं पान किमान दोन आठवडे दिसलं पाहिजे. पान आणि बिल्ड (खेळायला तयार केलेली गेमची प्रत) दोन्ही तपासले जातात. पहिल्या खेपेला काहीतरी परत येतंच (पानावर कंट्रोलर चालतो असं लिहिलंय आणि मेनूत माउस लागतो, असलं), म्हणून तारखेच्या पुरेसं आधी पाठवा.

नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे स्टीमच्या डेमो महोत्सवात, एका गेमला एकदाच जाता येतं. ती संधी कच्च्या डेमोवर घालवू नका. गेम आणण्याच्या तारखेआधीचा शेवटचा फेस्ट घ्या आणि डेमो त्याच्या काही आठवडे आधी ठेवून चुका काढून घ्या.

कॅप्सूल, म्हणजे यादीत दिसणारं छोटं चित्र, स्वतः चित्रकार नसाल तर पैसे देऊन करून घ्या. एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो इथे. आलेलं चित्र १२० बाय ४५ पिक्सेलवर आणून हातभर लांबून बघा. नाव वाचता येत नसेल तर परत पाठवा.

प्रश्न : दहा डॉलरचा गेम विकला तर हातात किती?

पुस्तकी उत्तर सात, कारण स्टीमचा वाटा ३० टक्के. प्रत्यक्षात हजार प्रती खपल्या म्हणून सात हजार येत नाहीत. बऱ्याच देशांत किंमत कमी ठेवावी लागते, बऱ्याच प्रती सवलतीत जातात, काही परत येतात, आणि विक्रीकर आधीच वजा होतो. समजा या सगळ्यामुळे सरासरी प्रत सहा डॉलरला पडली. ३० टक्के गेल्यावर ४.२० उरतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जाऊ शकतो आणि तुमचा आयकर वेगळा. हिशेब मांडताना छापील किमतीचे ४० टक्के धरा. जास्त आले तर उत्तम. पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतात, त्यामुळे गेम आल्यानंतरचे दोन महिने बचतीवर काढावे लागतात.

१४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. म्हणून दीड तासाचा गेम करूच नये असं नाही, पण किंमत अशी ठेवा की परत करायचा कंटाळा यावा. परत येऊ नये म्हणून गेम उगाच लांबवू नका. इच आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दुकानाचा वाटा तुम्ही ठरवता, न बदलल्यास १० टक्के. गर्दी कमी असते, पण सुरुवातीचे छोटे गेम ठेवायला आणि प्रतिक्रिया गोळा करायला ती जागा चांगली.

प्रश्न : संगीत करणारी मैत्रीण म्हणते, 'आत्ता पैसे नकोत, नंतर वाटा दे.' तोंडी ठरलंय.

आजच एक पान लिहा. वाटा कशातला, दुकानाने आपला हिस्सा कापल्यानंतरच्या रकमेतला की खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यातला? भांडणं याच शब्दावर होतात. संगीताचे हक्क तिच्याकडे राहून तुम्हाला वापराची परवानगी, की हक्कच तुमच्याकडे? ती वेगळा अल्बम विकू शकते का? ती मध्येच थांबली तर झालेल्या कामाचं काय? आणि गेम कन्सोलवर गेला तर? दोघांनी सही करा, तारीख घाला. मैत्रीत बरं दिसत नाही म्हणून हे टाळलं की पुढे प्रकाशक हक्कांचे कागद मागतो आणि तिथे सगळं अडतं.

प्रश्न : नवी आवृत्ती टाकली आणि लोकांचे सेव्ह उडाले. नकारात्मक अभिप्रायांची रांग लागली आहे.

आधी जुना बिल्ड परत लावा, स्टीमवर ते काही मिनिटांचं काम आहे. काय झालं, ते दोन ओळींत जाहीर करा. मग दुरुस्ती. सेव्हच्या फाइलमध्ये पहिलाच आकडा आवृत्तीचा ठेवा आणि जुनी आवृत्ती दिसली की ती नव्यात बदलणारा कोड लिहा. चालू फाइलवर थेट कधी लिहू नका. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ती पुन्हा वाचून बघा, मगच नाव बदला, आणि मागची एक प्रत बाजूला राहू द्या. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धीच फाइल उरते, पण अशाने जुना सेव्ह वाचतो. प्रत्येक आवृत्तीचे दोन-तीन सेव्ह जपून ठेवा आणि नवा बिल्ड सोडण्याआधी ते सगळे उघडून बघा.