ऐकलेले पानिपत, वाचलेले पानिपत

प्रश्न : नोकरीनिमित्त रोज लोकलने ये-जा करताना मी इतिहासाची ऑडिओबुके ऐकतो. नुकतेच पानिपतच्या मोहिमेवरील एक पुस्तक ऐकून संपवले. प्रसंग मनात राहिले, पण कोणते सैन्य कोठून कोठे गेले हे मला सांगता येत नाही. इतिहास ऐकून कळत नाही काय?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : आपल्या ऐकण्यात काही उणे नाही, ही मोहीमच नकाशावाचून उलगडत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी पानिपतच्याही उत्तरेस असलेले कुंजपुरा जिंकले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. निवेदकाने ही वाक्ये कितीही उत्तम वाचली, तरी बागपत पानिपतच्या दक्षिणेस आहे, म्हणजे अब्दाली मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला आणि मराठ्यांची रसदेची व परतीची वाट तुटली, हे नकाशावर बोट ठेवल्याखेरीज मनात ठसत नाही. पुढच्या अडीच महिन्यांची उपासमार आणि १४ जानेवारी १७६१ चा दिवस यांचे मूळ तेथे आहे.

सनावळीचेही तसेच. जुन्या पत्रांत साल 'इहिदे सितैन मया व अलफ' असे अरबी संख्याशब्दांत येते. कानाला तो केवळ नाद वाटतो. छापील पानावर थांबून एक, साठ, शंभर आणि हजार यांची बेरीज केली की शुहूर सन ११६१ मिळतो, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे जानेवारीतील पत्रासाठी त्यात ६०० मिळवले की १७६१ हाती येते. ही बेरीज स्वतः करण्यातला माझा आनंद इतक्या वर्षांत ओसरलेला नाही.

अर्थात छापील पुस्तकेही वाचकाला छळतात. सहाशे पानांच्या ग्रंथाला नामसूची नसावी, याचे मला खरोखर दुःख होते.

मात्र ऐकणे सोडू नका. बखरींचे गद्य मोठ्याने वाचले की अधिक खुलते. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', जो १९०७ मध्ये प्रथम छापला गेला, तोही अवश्य ऐकावा. १८५७ च्या धामधुमीतून परतलेला वरसईचा भिक्षुक समोर बसून हकिकत सांगतो आहे असे वाटते.

पानिपत पुन्हा ऐकण्यापूर्वी एका कागदावर यमुनेची रेघ ओढून उत्तरेकडून क्रमाने कुंजपुरा, पानिपत, बागपत आणि दिल्ली ही चार नावे लिहा आणि तो कागद खिशात ठेवा.