टर्कीची जात निवडताना

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. पेनसिल्वेनियात दीड एकर जागा, मागे ओढा, आवारात आधीच डझनभर कोंबड्या, आणि आता हेरिटेज, म्हणजे जुन्या पारंपरिक जातीच्या, टर्की पाळायचा बेत. त्यातही रॉयल पाम जातीचीच हवी, कारण फोटो बघून जीव जडलाय. जडणारच. पांढरंशुभ्र अंग आणि पिसापिसाला काळी किनार, दिसायला त्याच्या तोडीचं दुसरं नाही. पण त्याच मेलमध्ये पुढे तू लिहितेस, ‘दोन-तीन थँक्सगिव्हिंगला कापायच्या, बाकीच्या ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी पिल्लं घरचीच काढायची.’ म्हणजे तुला मांसही हवं आणि बीजही हवं. मग फोटो जरा बाजूला ठेव.

आधी एक गफलत टाळ. वसंत ऋतूत फीड स्टोअरमध्ये दिव्याखाली पिल्लांचे टब मांडतात, त्यावर ‘ब्रॉन्झ’ अशी पाटी असते. ती बहुतेक वेळा ब्रॉड ब्रेस्टेड ब्रॉन्झ असते, म्हणजे छातीच्या मांसासाठी फुगवलेली. जुनी स्टँडर्ड ब्रॉन्झ वेगळी. टबातलं पिल्लू बघून तुला फरक कळणार नाही. दोन वर्षांनी मात्र नक्की कळेल, कारण त्या फुगीर नराला मादीवर नीट चढताच येत नाही. कारखान्यातल्या पांढऱ्या टर्कीचंही तेच, तिथे सगळी पैदास कृत्रिम रेतनावर चालते. तुझा ‘पुढच्या वर्षी घरची पिल्लं’ हा बेत तिथेच बारगळतो.

उत्तर कॅरोलिनातली लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी ही संस्था कुठल्या टर्कीला हेरिटेज म्हणायचं ते तीन गोष्टींवर ठरवते. जोडा आपला आपण लागला पाहिजे. मादी पाच ते सात वर्षं आणि नर तीन ते पाच वर्षं पैदाशीला टिकला पाहिजे. आणि वाढ सावकाश हवी, कापण्याजोगं व्हायला साधारण 28 आठवडे. याच संस्थेने 1997 मध्ये मोजणी केली तेव्हा अख्ख्या अमेरिकेत पैदाशीच्या हेरिटेज टर्की 1,335 भरल्या. आता संख्या पुष्कळ वाढली आहे, पण ज्याच्या-त्याच्याकडे चांगलं बीज आहे असं समजू नकोस.

आता जाती. रॉयल पाम चपळ, किडे वेचण्यात पटाईत, पण अंगाने लहान. तरुण नर 16 पौंडांच्या आसपास, मादी 10. पाहुणे बोलावून कापायची म्हटलीस तर ताटात फार काही येत नाही. शिवाय उडण्यात हुशार. संध्याकाळी छपराच्या आढ्यावर जाऊन बसली की तू खाली दाण्याचा डबा वाजवत बस.

बर्बन रेड अंगाने भरीव. गडद तांबडा रंग, पंख आणि शेपूट पांढरी. नाव केंटकीतल्या बर्बन काउंटीचं, पण पूर्वजांत तुझ्याच पेनसिल्वेनियातल्या फिकट तांबूस टर्की आहेत. 1909 पासून मान्यताप्राप्त जात. नवी उगवणारी कोवळी पिसं फिकट, त्यामुळे सोलल्यावर कातडीवर काळे ठिपके राहत नाहीत. घरी पिसं उपटणाऱ्याला ही केवढी सोय आहे ते पहिल्याच नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या वेळी, कळेल. मांड्यांचं मांस गडद आणि चवीचं, कांदाखोबऱ्याच्या वाटणात फर्मास लागतं.

आणि नॅरागॅन्सेट. ऱ्होड आयलंडकडची, 1874 ची मान्यता, राखाडी-काळी-पांढरी. स्वभावाने शांत, आणि मादी आई म्हणून चांगली. खुडूक बसली की 28 दिवस नेटाने अंडी उबवते. तुझ्याकडे अंडी उबवायचं मशीन नाही, सकाळी सातला नोकरीला निघतेस. माझं मत विचारशील तर हीच घे. जवळपास चांगली मिळाली नाही तर बर्बन रेड.

मुद्दामच ‘जवळपास’ म्हणतोय. जातीपेक्षा वाण, म्हणजे त्या जातीतला राखलेला वंश, महत्त्वाचा आणि वाणापेक्षा तो राखणारा माणूस. कॅटलॉगमधून पिल्लं मागवण्यापेक्षा गाडी काढून जाता येईल असा पाळणारा शोध. त्याला एवढंच विचार: सगळ्यांत म्हातारी मादी किती वर्षांची? पिल्लं आई काढते की मशीन? नराचं वजन 28 आठवड्यांना किती भरतं? वजन केलेला माणूस आकडा सांगतो. न केलेला ‘मोठे होतात हो छान’ म्हणतो. तिथून परत ये.

तुझी खरी अडचण जात नाहीच, त्या डझनभर कोंबड्या आहेत. ब्लॅकहेड नावाचा रोग आहे. त्याचा सूक्ष्म परजीवी कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यात लपतो, विष्ठेतून जमिनीत जातो आणि तिथे वर्षानुवर्षं तग धरतो. गांडुळंही ती अंडी पोटात बाळगतात. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्कीचं यकृत मात्र नासतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली की समज. यावरचं शेवटचं मान्यताप्राप्त औषध, नायटारसोन, 2015 अखेर इथल्या बाजारातून गेलं. तेव्हा जिथे कोंबड्या कधी चरल्या नाहीत असा तुकडा टर्कीला दे, आणि तिकडे जायचे बूट वेगळे ठेव. एकत्र पाळून काही झालं नाही असं सांगणारे भेटतील. त्यांची माती वेगळी, तुझी वेगळी. पेन स्टेट एक्स्टेन्शनला, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या शेतीसल्ला केंद्राला, फोन करून तुमच्या भागातलं विचार. ओढ्यावर रानबदकं उतरत असतील तर तेही सांग, 2022 पासून बर्ड फ्लू त्यांच्याकडूनही पसरतोय आणि टर्की त्यात पटापट जातात.

पिल्लं मशीनची आणलीस तर पहिले तीन दिवस रजा टाक. कोंबडीचं पिल्लू आपलं आपण टिपायला लागतं. टर्कीचं पिल्लू दाण्यात उभं राहून उपाशी मरतं. एकेकाची चोच पाण्यात हलकेच बुडव. पाण्याच्या थाळीत रंगीत काचेच्या गोट्या टाक, चकाकीवर चोच मारता मारता पाणी प्यायला शिकतं. ब्रूडर, म्हणजे पिल्लांची उबेची पेटी, 95 अंश फॅरनहाइटवर, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. खाद्य टर्की स्टार्टरच, 28 टक्के प्रथिनांचं. कोंबड्यांचं उरलंय म्हणून घालू नकोस.

जाता जाता एक गंमत. 1612 मध्ये जहांगीर बादशहाने आपल्या मुकर्रब खान या सरदाराला पोर्तुगीज गोव्याहून अपूर्वाईच्या वस्तू आणायला सांगितलं, त्यात टर्कीचा नर आला. माजावर आला की त्याच्या मानेचे रंग कसे पालटतात हे बादशहाने लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. तुझ्यासारखाच तोही आधी रंगावर भाळला होता. त्याला पैदास करायची नव्हती, एवढाच फरक.

थँक्सगिव्हिंगला कापायची म्हणजे पिल्लं मेच्या मध्याच्या आत अंड्याबाहेर हवीत. चांगल्या माणसाकडची मार्चपर्यंत संपलेली असतात, म्हणून फोन जानेवारीतच कर. त्याआधी टाउनशिपमध्ये, म्हणजे तुमच्या स्थानिक प्रशासनात, टर्कीला परवानगी आहे का बघ. कोंबडीला आहे म्हणजे टर्कीला आहेच असं नाही. आणि ओढ्याच्या बाजूचं कुंपण किती उंच आहे ते मला कळव. पाच फुटांच्या खाली असेल तर एका बाजूच्या पंखाची पिसं कशी छाटायची ते व्हिडिओ कॉलवर दाखवतो.

तुझा,
काका