आधी पोट बघ, झेंडा नंतर

अरे वाचलं तुझं, गोष्टीसाठी तू जे काल्पनिक लोक बनवलेस त्यांचं, चार हात, निळी कातडी, भाषा, झेंडा सगळं आहे पण हे लोक खातात काय आणि पिल्लं कशी वाढवतात ते कुठेच नाय, आणि खरी मजा तिथूनच सुरू होते. मी पण हेच केलेलं, राजघराण्याच्या 9 पिढ्या लिहिल्या आणि तोंड कुठे आहे तेच ठरवलं नव्हतं 😄

एक काम कर, ओहोटीच्या टायमाला ऐरोलीच्या खाडीकडे जा आणि चिखलातल्या निवट्या बघ. मासाच, पण ओल्या कातडीतून श्वास घेतो, बीळ खणतो, आणि एका जातीत तर नर तोंडात हवा भरून खाली अंड्यांपाशी नेऊन सोडतो. आता हाच प्राणी हुशार झाला असं धर. मग शिवी काय असेल? 'तुझ्या बापाने हवा आणली नाय.' शिक्षा म्हणजे उन्हात सुकवणं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे यांना 'उद्या याच वेळेला भेटू' हे वाक्यच विचित्र वाटणार.

ऑक्टोपस मात्र जपून वापर, सगळे त्यालाच धरतात. बहुतेक जाती एक-दोन वर्षं जगतात, अंडी फुटेपर्यंत आई संपते, म्हणजे आजी नाय, गोष्टी नाय, मग तुझी 3000 वर्षांची परंपरा पोरांना सांगणार कोण? याचं उत्तर सापडलं तर मात्र भारी आहे, मला पण पाठव.

आणि त्यांच्या नावांच्या मधे टाकलेली ती अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ' ही चिन्हं, काढ बाबा.