नागीण गेली, तरी कपाळाची आग का थांबत नाही?

आपल्या आईंना (वय ६८, मधुमेह) नागीण होऊन चार महिने झाले, फोड कधीच वाळले, तरी कपाळाची व भुवईची उजवी बाजू सतत जळते, कंगवा लागला तरी कळ येते आणि डायक्लोफेनॅकचा उपयोग होत नाही, असे आपण लिहिले आहे. पुरळ उठल्यावर तीन महिन्यांनीही टिकून राहणाऱ्या या दुखण्याला पोस्टहर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. त्वचा बरी झालेली असते. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची वरची शाखा मात्र विषाणूने दुखावलेली असते. त्यामुळे डायक्लोफेनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या येथे फारशा चालत नाहीत. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून शक्यतो ७२ तासांत सुरू करायच्या असतात. आता त्या पुन्हा देऊन वेदना जाणार नाही. (गेरूच्या लेपाबद्दल तर बोलायलाच नको, विशेषतः डोळ्याजवळ.)

उपयोग होतो तो गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, अथवा रात्री अल्प मात्रेत दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलीन वा नॉरट्रिप्टिलीनचा. पहिल्या आठवड्यात गुंगी येते, आराम काही पडत नाही, आणि रुग्ण गोळी सोडून देतो. माझ्या सासूबाईंच्या आजारपणातही हेच होऊ घातले होते. ही औषधे कमी मात्रेपासून हळूहळू वाढवायची असतात, आणि पुरेशी मात्रा गाठून काही आठवडे गेल्याखेरीज औषध निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही. मधुमेह असल्याने आधी रक्तातले क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासून घ्यावे, कारण पहिली दोन औषधे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. अमिट्रिप्टिलीनपूर्वी हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. रात्री उठताना तोल जाण्याची भीती असते, तेव्हा सोबत कोणीतरी असावे; आणि कोणतीही गोळी एकाएकी बंद करू नये.

लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी कापून कपाळावर, डोळ्यापासून दूर, दिवसातून जास्तीत जास्त १२ तास लावता येते. कॅप्सेसिन हा मिरचीतलाच दाहक घटक असल्याने त्याचे मलम कपाळावर नको. हात डोळ्याला लागायला वेळ लागत नाही. डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, मग नागीण होऊन कितीही महिने झालेले असोत.

एवढ्यानेही भागले नाही, तर वेदनातज्ज्ञ भुवईवरच्या मज्जातंतूपाशी सुन्न करणारे इंजेक्शन देऊ शकतात. शिंग्रिक्स ही लस हे दुखणे घालवत नाही, ती पुढची नागीण टाळण्यासाठी असते. आपण पन्नाशी ओलांडली असेल, तर स्वतःसाठीही तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.