‘मानवी’ आणि ‘मानवीकृत’ प्रतिपिंड : दोन वेगळे ‘ई’कार

प्रश्न थोडक्यात असा आहे : एका लेखात संधिवातावरच्या औषधाला ‘मानवी प्रतिपिंड’ (प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, परक्या गोष्टीला नेमकं पकडणारं शरीरातलं प्रथिन) म्हटलंय, दुसऱ्यात स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाला ‘मानवीकृत प्रतिपिंड’. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि ‘मानवी’ म्हणजे ते माणसाच्या रक्तातून काढलेलं असतं का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्या उत्तराला मात्र एक मोठा अपवाद आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी व्याकरण पाहू, कारण इथे निम्मा उलगडा त्यातूनच होतो. ‘मानवी’ला ‘कृत’ जोडलं की ‘मानवीकृत’ झालं, असं दिसतं खरं, पण तसं नाही. मूळ शब्द ‘मानव’. ‘जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं’ हा अर्थ दाखवायला संस्कृतात ‘च्वि’ नावाचा प्रत्यय लागतो. तो स्वतः पूर्ण गळून जातो आणि जाताना शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ करून जातो : शुद्ध – शुद्धीकृत, वर्ग – वर्गीकृत, राष्ट्रीय – राष्ट्रीयीकृत. व्याकरणकारांनी या अर्थाला ‘अभूततद्भाव’ असं नाव दिलंय. राष्ट्रीयीकृत बँक म्हटल्यावर ती पूर्वी खाजगी होती हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘मानवी’मधला ‘ई’ साधा, विशेषण करणारा. ‘मानवीकृत’मधला ‘ई’ मात्र पूर्वेतिहास सांगतो : हे आधी माणसाचं नव्हतं.

मग कुणाचं होतं? उंदराचं.

केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कर्करोगी पेशी यांचा संयोग घडवला. त्यातून एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी मिळू लागली. यांनाच मोनोक्लोनल म्हणतात. या कामासाठी दोघांना १९८४चं नोबेल पारितोषिक मिळालं, नील्स येर्ने यांच्यासोबत. माणसासाठी मंजूर झालेलं अशा प्रकारचं पहिलं औषध १९८६ साली अमेरिकेत आलं, म्युरोमोनॅब. रोपण केलेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते देत. ते संपूर्णपणे उंदराचं होतं, आणि अडचणीचं मूळ तिथेच होतं. आपल्या शरीराच्या दृष्टीने उंदराचं प्रतिपिंड हे परकं प्रथिन. शरीर त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी औषध काम करण्याआधीच निकालात निघतं. शिवाय उंदराच्या प्रतिपिंडाची शेपटाकडची बाजू आपल्या रोगप्रतिकारक पेशींशी नीट जुळत नाही, ती वेगळीच कटकट.

यावर पहिला उपाय अर्धामुर्धा होता. लक्ष्याला, म्हणजे ज्या गोष्टीला चिकटायचं तिला, पकडणारा भाग उंदराचा ठेवायचा आणि बाकीचा सुमारे दोन तृतीयांश रेणू माणसाचा घ्यायचा. याला ‘कायमेरिक’ म्हणतात. कायमेरा ही ग्रीक पुराणातली सिंह, बकरी आणि साप यांचं मिश्रण असलेली राक्षसी. मराठीत ‘संकरित’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो शब्द वाणांच्या संकरासाठी रुळलेला आहे, तिथेच राहू द्यावा. मला विचाराल तर ‘नरमूषकी’ काय वाईट आहे? कुणी वापरणार नाही हे ठाऊक आहे.

मानवीकरण ही त्यापुढची पायरी. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांचं बनलेलं असतं. त्याच्या पकडीच्या प्रत्येक टोकाशी सहा वेढे असतात, तीन जड साखळीवर आणि तीन हलक्या साखळीवर. लक्ष्याला प्रत्यक्ष चिकटतात ते मुख्यतः हे वेढेच. ग्रेग विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवलं की उंदराच्या प्रतिपिंडातले तेवढे वेढे उचलून माणसाच्या प्रतिपिंडाच्या चौकटीत बसवता येतात. बाकी सगळं माणसाचं. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब १९९८ साली आलं, ते या जातीचं. म्हणजे दुसऱ्या लेखातला ‘मानवीकृत’ अगदी अचूक आहे. तिथे ‘मानवी’ लिहिलं असतं तर चूक ठरली असती.

आता ‘मानवी’. मराठीत हे विशेषण फार मोघम आहे. मानवी चूक माणसाने केलेली असते, मानवी हक्क माणसाला असलेले, मानवी रक्त माणसाचं, मानवी वस्ती माणसांची. संबंध कोणता, ते ‘ई’ कधीच सांगत नाही, पुढच्या नामावरून ओळखावं लागतं. ‘मानवी प्रतिपिंड’मध्ये तो संबंध रचनेचा आहे : या प्रथिनातला अमिनो आम्लांचा क्रम माणसाच्या जनुकांवरून आलेला आहे, एवढंच. ते कुठे सापडलं आणि कुठे वाढवलं, याच्याशी या विशेषणाला देणंघेणं नाही.

ही गोष्ट पटायला थोडी जड जाते, म्हणून उदाहरणं पाहू. तुमच्या पहिल्या लेखातलं औषध बहुधा ॲडालिमुमॅब असावं. ते फेज डिस्प्ले या तंत्राने शोधलेलं : माणसाच्या प्रतिपिंडांची जनुकं जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंमध्ये घालायची, म्हणजे त्या विषाणूंच्या अंगावर प्रतिपिंडांचे तुकडे उगवतात, आणि त्यातून लक्ष्याला चिकटणारे निवडायचे. या तंत्रासाठी जॉर्ज स्मिथ आणि वर उल्लेख आलेले विंटर यांना २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत अशी की ॲडालिमुमॅब शोधताना वाटाड्या म्हणून उंदराचंच एक प्रतिपिंड वापरलं होतं. शेवटी हाती आलेल्या रेणूचा क्रम मात्र माणसाचा, म्हणून तो मानवी. दुसरा मार्ग याहून विचित्र आहे. उंदराची स्वतःची प्रतिपिंडाची जनुकं निकामी करून त्यात माणसाची घालतात. अशा उंदरांची वर्णनं १९९४ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं पॅनिटुमुमॅब या वाटेने २००६ साली आलं. म्हणजे उंदराच्या पोटात घडलेलं प्रतिपिंड, आणि तरी ते ‘मानवी’, ‘मानवीकृत’ नव्हे! शिवाय यातली बरीचशी औषधं कारखान्यात वाढवली जातात ती चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या पेशींमध्ये.

आता तो अपवाद. धनुर्वात किंवा रेबीजसाठी दिलं जाणारं ‘मानवी इम्युनोग्लोब्युलिन’ (म्हणजे प्रतिपिंडंच) खरोखरच माणसांच्या रक्तद्रवातून (प्लाझ्मातून) काढलेलं असतं. तिथे ‘मानवी’चा विरोधी शब्द ‘घोड्याचं’ हा आहे. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली प्राण्यांच्या रक्तजलाने (सीरमने) धनुर्वात आणि घटसर्प यांचा प्रतिकार करता येतो हे दाखवलं. त्यानंतर घोड्याचं रक्तजल वर्षानुवर्षं वापरात होतं आणि काही रोग्यांना त्याची प्रतिक्रियाही येत असे. माणसाच्या रक्तातलं आलं तेव्हा फरक दाखवायला ‘मानवी’ लावावं लागलं. म्हणजे विशेषण एकच, पण एका बाटलीवर ते उगम सांगतं आणि दुसऱ्या बाटलीवर रचना. तुमचा घोटाळा झाला त्यात तुमचा दोष नाही.

नावांवरूनही हा फरक ओळखता येत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नामकरणपद्धतीत शेवटच्या ‘मॅब’च्या आधीचं अक्षर उगम सांगायचं : ‘ओ’ उंदराचं, ‘क्सि’ कायमेरिक, ‘झु’ मानवीकृत आणि नुसता ‘उ’ मानवी. रोमन लिपीत हा ‘उ’ स्वतंत्र उभा असतो. देवनागरीत तो आधीच्या व्यंजनाच्या पायाशी बसतो, म्हणून ॲडालिमुमॅबमध्ये आपल्याला ‘मु’ दिसतो आणि खूण हातची निसटते. शिवाय ‘झु’मध्येही उकार आहेच. तेव्हा जुनी नावं वाचताना आधी ‘झ’ आहे का ते पाहावं.

नव्या नावांवर मात्र ही कसोटी चालत नाही. क्रम कितपत माणसाचा यावरून काढलेली रेषा धूसर होत गेली आणि २०१७ साली उगमाचं अक्षर नव्या नावांतून वगळलं गेलं. इबोलावरचं अन्सुविमॅब हे याचं ठळक उदाहरण. ते काँगोमधल्या किक्विट शहरातल्या १९९५च्या साथीतून वाचलेल्या एका व्यक्तीच्या पेशींवरून मिळवलं, म्हणजे उगमानेही मानवी आणि रचनेनेही. तरी नावात ‘मॅब’च्या आधी तो ‘उ’ नाही; ‘सु’मधला उकार उगमाची खूण नव्हे. यातलं ‘वि’ लक्ष्य विषाणू असल्याचं सांगतं. पुढे २०२१ साली नव्या नावांसाठी ‘मॅब’ही गेला आणि त्याच्या जागी टग, बार्ट, मिग आणि मेंट असे चार शेवट आले. जुनी नावं तशीच राहिली.

जाहिरातींतून येणाऱ्या ‘पूर्णतः मानवी’बद्दल माझं मत थोडं कडवट आहे. तो ‘पूर्णतः’ वाचून वाटतं की शरीर आता हरकत घेणार नाही. पण ॲडालिमुमॅब घेणाऱ्या काही रोग्यांत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतातच, कारण प्रत्येक प्रतिपिंडाचं पकडीचं टोक वेगळं असतं आणि ते शरीराला नवखं वाटू शकतं. मराठीत लिहिताना नुसतं ‘मानवी’ पुरे.

प्रतिपिंड, प्रतिद्रव्य की अँटिबॉडी? कोणताही चालेल. ‘पिंड’ म्हणजे देह, आणि पॉल एर्लिख यांच्या १८९१ सालच्या जर्मन शब्दातही ‘देह’च आहे, म्हणून माझी पसंती प्रतिपिंडाला. ‘मानवीकरण’ लिहायला कचरू नये. हिंदीत ते एका अलंकाराचं नाव आहे, पण आपल्याकडे त्या अलंकाराला चेतनगुणोक्ती म्हणतात, त्यामुळे मराठीत हा शब्द मोकळा आहे. ‘मानविकृत’ असं ऱ्हस्व मात्र लिहू नये. तो च्विचा ‘ई’ दीर्घच असतो, आणि ऱ्हस्व केला तर भलताच ‘विकृत’ वाचला जातो.