खानावळीचा क्यूआर मेनू सगळ्यांना वाचता यावा म्हणून काय करावं?

तुमची सोलापुरात खानावळ आहे, क्यूआर स्कॅन केला की मेनूकार्डाचा फोटो उघडतो, वयस्कर गिऱ्हाइकांना तो दिसत नाही आणि अंध गिऱ्हाइकाचा फोन तो धड बोलून दाखवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोष त्या फोटोचाच आहे. तो मोठा केला की पदार्थ एकीकडे आणि दर पडद्याबाहेर. पीडीएफनेही बहुधा भागणार नाही, कारण छपाईवाले कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं 'कर्व्ह' करून देतात, म्हणजे पुन्हा चित्रच. साधं वेबपान करा.

डीटीपीची जुनी फाईल मात्र त्यात कॉपी-पेस्ट करू नका. श्रीलिपी, कृतीदेवच्या जुन्या फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. डोळ्यांना 'भाकरी' दिसते, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी फोनमधली सोय, भलतंच काहीतरी बरळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर नेहमी मराठी टाइप होतं तशा अक्षरांत, नव्याने टाइप करा. कन्व्हर्टर वापरलात तर रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा.

'शेंगा भाजी.......१२०/-' असं लिहू नका, काही फोन ती टिंबंही वाचत बसतात. 'शेंगा भाजी: हाफ ७० रुपये, फुल १२० रुपये' असं लिहा. भाकरी, भाज्या, मटण हे गट नुसते ठळक न करता 'हेडिंग' म्हणून द्या. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, वापरणारा हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत हवं तिथे पोचतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते मराठी म्हणून वाचेल. कन्नड किंवा तेलुगू मेनू देणार असाल तर वेगळं पान, वेगळी नोंद.

अक्षर किमान १६ पिक्सेल. मराठीला मी १८ देईन. ओळींतलं अंतर दीडपटीहून कमी नको, वेलांट्या-उकार एकमेकांत घुसतात. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणातला फरक, निदान ४.५:१ हवा. काळ्यावर गडद लाल तिथे नापास होतं. चिमटीने झूम करणं कुठेही बंद ठेवू नका.

हिरवा गोल आणि तपकिरी त्रिकोण यांचे रंग काहींना वेगळे दिसत नाहीत, म्हणून 'शाकाहारी', 'मांसाहारी' हे शब्दांत लिहाच. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट कितीतरी रश्श्यांत पडतो. ज्यात असेल त्यापुढे 'शेंगदाणा आहे' लिहा. ॲलर्जी असलेल्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

शेवटी टॉकबॅक सुरू करून डोळे मिटा आणि कडक भाकरीचा दर शोधा. अर्ध्या मिनिटात सापडला नाही, तर आधी हेडिंग तपासा.